आवारात लावलेली नदी

बोरवी नदी विनापास वाळू वाहून नेताना सापडली, म्हणून मंगळवारी सकाळी तिला जप्त करून तहसील कचेरीच्या आवारात आणून लावली.

यात कुणाचा कुणावर राग नव्हता. नवे नायब तहसीलदार शेवाळे साहेब सरळ माणूस. वरच्या तालुक्याच्या हद्दीवर नाका लावून ते दोन दिवस खुर्ची टाकून बसले होते. वाळूचे ट्रॅक्टर आले, त्यांनी पास दाखवले, ते गेले. ज्यांच्याकडं नव्हते त्यांना बाजूला घेतलं. तेवढ्यात साहेबांचं लक्ष पुलाखाली गेलं. नदी वरच्या तालुक्यातली वाळू या तालुक्यात आणत होती, दिवसाढवळ्या, कुणाला न विचारता. साहेब खाली उतरले आणि त्यांनी पास मागितला. नदी काही बोलली नाही. साहेबांनी तीनदा विचारलं, घड्याळात बघून पाच मिनिटं वाट पाहिली, आणि मग पंचनाम्यात लिहून घेतलं, 'पास दाखवू शकली नाही.'

पंचनाम्याचा कागद छापील असतो. वाहनाचा प्रकार, 'इतर'. माल, 'वाळू, ओली'. चालकाच्या नावापाशी जरा अडलं, कारण नदीवर माणूस कुणीच नव्हतं, एक म्हैस तेवढी डुंबत होती. तेव्हा नेहमीचं वाक्य घातलं, 'चालक अंधाराचा फायदा घेऊन पळून गेला.' सकाळचे साडेदहा वाजले होते. पण त्या रकान्यात दुसरं वाक्य बसत नाही.

ट्रॅक्टर धरला की चाकांतली हवा सोडतात, मालकानं परस्पर पळवून नेऊ नये म्हणून. नदी असली की तिचा उतार काढून घेतात. भूमापक आला, त्यानं खाली वाकून, हलक्या हातानं उतार सोडवला. एकोणीस किलोमीटर नदी, पण तिचा उतार हातात घेतला तर जेमतेम दीड हात भरला. उपरण्याच्या काठाएवढा.

"एवढ्यावरच चालली होती व्हय ही?" भूमापक म्हणाला, आणि त्याला उगीच वाईट वाटलं.

उतार काढल्यावर नदी गरीब म्हशीसारखी चालते. आवारात तिच्या नऊ घड्या घालून तिला, वर डुंबणाऱ्या म्हशीसकट, लिंबाखाली लावली, एका बाजूला मागंच धरलेला टिप्पर, दुसऱ्या बाजूला दोन ट्रॉल्या. टिप्परवर कारल्याचा वेल चढून त्याला कारली लागली होती. ट्रॉलीत पिंपळ उगवला होता. त्या आवारात वाहन आत येताना सगळ्यांनी बघितलं होतं, बाहेर जाताना बघितलेला माणूस अजून भेटायचा होता.

निमखेडच्या लहानू कोतवालाला हेच कळत होतं, आणि म्हणून त्याचा जीव टांगणीला लागला होता.

लहानू भोई निमखेडचा कोतवाल होऊन एकतीस वर्षं झाली होती. दवंडी द्यायची, गावाचं टपाल तालुक्याला न्यायचं, साहेब आले की खुर्च्या मांडायच्या. शाळा त्यानं बघितली ती बाहेरून. अक्षर त्याला येत नव्हतं, पण शिक्के येत होते. गोल शिक्का साहेबाचा, लांबट आवकचा, तिरका जावकचा. शिक्क्यांवरून त्याला कागद वाचता यायचा आणि तो सहसा चुकत नसे.

नदी त्याच्या गावाजवळून जाणारी, म्हणून राखणीला त्यालाच ठेवलं. अव्वल कारकून दुसाने भाऊसाहेबांनी सुपूर्तनामा लिहिला, की सदर नदी आहे त्या स्थितीत सांभाळीन, मागाल तेव्हा हजर करीन. लहानूनं अंगठा दिला. उतार लाल बासनात बांधून लोखंडी कपाटात ठेवायचा होता. तो ठेवण्याआधी लहानूनं मनगटाचा काळा दोरा सोडून उताराच्या वरच्या टोकाला बांधला.

"हा दोरा कसला?" दुसान्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मुद्देमालात दोरा नाही."

"माजा हाय भाऊसाहेब. जाळ्याची वरची बाजू कळावी म्हणून आम्ही भोई लोक बांधतो. उलटा लावला उद्या, तर ती माघारी पळंल."

दुसान्यांनी थोडा विचार केला आणि खाली लिहिलं, 'दोरा एक, काळा, कोतवालाचा.' मग कपाट लावून किल्ली कमरेला खोचली. ते दमलेले गृहस्थ होते. कपाट लावताना ते नेहमी एक उसासा टाकत, आणि तो कुठं लिहीत नसत.

दुसऱ्या दिवशी दुपारी लहानूची थोरली बहीण ठकूआक्का आली. तीन कोस अंतर, त्यातलं निम्मं ती नदीच्या कोरड्या पात्रातून चालत आली होती. पायांना वाळू होती. तिनं आधी नदीकडं बघितलं, मग भावाकडं.

"काय रं लहान्या, नदीचा वॉचमन झालास म्हनं?"

"हळू बोल आक्का. कचेरी हाय."

"हळू कशाला? पळून जातीय का ती?" ती नदीच्या कडेला टेकली. "आई मेली तवा म्हनली हुती, लहान्याकडं लक्ष दे, त्यो भोळा हाय. म्या म्हनलं, भोळा हाय पर घरातली नदी न्हाई द्यायचा कुनाला."

बहिणीचं बोलणं उन्हासारखं असतं, त्याला उत्तर नसतं, सावली शोधायची.

ठकूआक्काची टरबुजाची वाडी होती, बोरवीच्या पात्रात. पाणी मागं सरलं की भोयांचं शेत उघडं पडतं, पाणी आलं की ते नदीचं. सातबारा नाही, बांध नाही. वाळूत हातभर आळी करायची, खत घालायचं, बी टोकायचं, आणि बाकीचं खालची ओल करते. बी त्यांच्या आईचं होतं. काळ्या पाठीचं, पातळ सालीचं टरबूज, ते दुसरीकडं कुठं नव्हतं. दरवर्षी एक फळ राखायचं, त्याचं बी राखेत घोळून मडक्यात ठेवायचं. यंदा उंदरांनी मडक्यातलं निम्मं नेलं, उरलं ते इतकं थोडं की आक्कानं सगळंच लावून टाकलं. वेलांना आता मुठीएवढी फळं होती.

"ओल हाताहातानं खाली चाललीय," ती म्हणाली. "काल कोपरापतूर हात घातला तवा लागली. आज खांद्यापतूर. आठ दिस धर लहान्या. त्याच्यानंतर आईचं बी संपलं म्हनायचं."

"सुनावणी हाय शुक्रवारी."

"मंग तवर एक हंडा दे मला. येल भिजवते."

"मुद्देमाल हाय आक्का. आहे त्या स्थितीत ठेवायची लिहून दिलंय."

"त्या म्हशीचा मालक सकाळी येऊन धार काढून गेला म्हनं, ते?"

"म्हैस मुद्देमालात न्हाई. ती वाहनावर आढळून आली."

आक्कानं त्याच्याकडं खूप वेळ बघितलं. मग पदराला पाय पुसायला गेली, आणि लहानू घाईनं म्हणाला, "आक्का, वाळू हितंच झाड. बाहेर नेलीस तर पास लागतो." तिनं तिथंच, नदीच्या कडेला, दोन्ही पाय नीट झाडले आणि निघून गेली.

त्या दिवसापासून लहानूला झोप लागेना. वाहत्या नदीला आवाज असतो. उभ्या नदीला नुसता वास.

शुक्रवारी सुनावणी झाली. लहानूनं व्हरांड्यात उभं राहून तीनदा पुकारा केला, "बोरवी नदीऽऽ, हाजीर होऽऽ!" साहेबांनी खिडकीतून बाहेर बघितलं.

"हजर आहे?"

"हजर हाय साहेब."

"तिचं काही म्हणणं आहे का विचारून या."

लहानू पायऱ्या उतरून गेला. दोन मिनिटं उभा राहिला. परत आला.

"काय म्हणाली?"

"एक मासा उडाला साहेब."

"कोणता?" दुसान्यांनी लेखणी उचलली.

"मरळ."

"लिहू का साहेब?"

साहेब विचारात पडले. ते कुणावर अन्याय होऊ देणारे नव्हते. "लिहा," ते म्हणाले, "'म्हणणे सादर केले, परंतु अस्पष्ट.' पुढची तारीख पंधरा दिवसांनी."

लहानूचे पाय जागचे हलेनात. एकतीस वर्षांत तो साहेबांशी आपण होऊन बोलला नव्हता. "साहेब," तो म्हणाला, "पंधरा दिवसानं येल न्हाई राहायचे."

"कुणाचे वेल?"

लहानूनं सांगितलं. आई, बी, उंदीर, सगळं सांगितलं. साहेबांनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. "कोतवाल," ते म्हणाले, "मलाही ती इथं ठेवण्यात आनंद नाही. डास झालेत. पण सोडायची तर मालकाचा अर्ज पाहिजे."

"मालक कोन तिचा?"

"शासन."

"आन् शासन म्हंजे?"

साहेबांनी खोलीत सगळीकडं बघितलं. दुसान्यांनी टेबलाकडं बघितलं. "या तालुक्यापुरतं म्हणाल तर," दुसाने हळूच म्हणाले, "आपणच, साहेब."

सोमवारी शेवाळे साहेबांनी शेवाळे साहेबांना अर्ज केला. दुसान्यांनी त्यावर जावकचा शिक्का मारला, कागद टेबलाच्या डाव्या बाजूनं उजवीकडं नेला आणि आवकचा शिक्का मारला. लहानूनं दोन्ही शिक्के ओळखले आणि त्याला बरं वाटलं. अर्जात म्हटलं होतं, की सदर नदीला वाळू वाहून नेण्याचा पास देऊन तिला सोडावं. साहेबांनी तो अर्ज नीट वाचला. दोनदा वाचला. आणि मंगळवारी त्रुटी काढून परत केला. स्वतःला सात दिवसांची मुदत दिली.

"काय चुकलं वो भाऊसाहेब?" लहानूनं दुसान्यांना विचारलं.

"माल कुठं पोहोचवणार, तिथं साहेबांनी 'समुद्र' लिहिलं."

"खरंच की. तिथंच जाती ती."

"जाते रे. पण समुद्र आपल्या जिल्ह्यात नाही. आणि माल घेणाऱ्याची सही कोण करणार तिथं? घेणारा नाही तर पास नाही." दुसान्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "साहेब स्वतःच स्वतःवर चिडलेत. सकाळपासून चहा घेतला नाही."

आठ दिवसांतले सात गेले होते. लहानू नदीपाशी येऊन बसला. आक्का आधीच येऊन बसली होती. आज ती काही टोचून बोलली नाही, त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. तिच्या उजव्या हाताची नखं मुळापर्यंत झिजली होती.

"हात पुरत न्हाई आता," ती म्हणाली. "खालची ओल लागंना."

लहानू हळू विचार करणारा माणूस होता. बैल जसा एकाच चाकोरीनं जातो तसा त्याचा विचार जायचा, पण पोहोचायचा. एकतीस वर्षं त्यानं पोहोच पावत्या गावातून कचेरीत आणल्या होत्या. ट्रॅक्टर वाळू घेऊन बांधकामावर जायचा, तिथं जो उभा असेल तो सही करायचा. मालक असला तर मालक. नसला तर गवंडी. एकदा तर नुसती पाहुणी आलेली सासू होती, तिचा अंगठा होता. आणि त्या प्रत्येक पावतीवर गोल शिक्का बसला होता. त्यानं डोळ्यांनी बघितला होता.

"आक्का," तो म्हणाला, "तुला वाळू पायजे का?"

"माझ्या डोक्यात घालायला?"

"सरळ सांग. पायजे का?"

"लहान्या, मी वाळूतच बसलीय जन्मभर. मला नदी पायजे."

"वाळू आली की तिच्या मागं नदी येतीच."

आक्का नदीकडं बघत राहिली. मग पदर खोचून उठली. "कुठं लावायचा अंगठा?"

बुधवारी सकाळी पास निघाला. माल, वाळू. वाहन, बोरवी नदी. कोठून, वरच्या तालुक्याची हद्द. कोठे, मौजे निमखेड, टरबुजाची वाडी. माल घेणार, ठकूबाई गंगाराम भोई. साहेबांनी वाचून बघितलं, त्रुटी सापडली नाही, आणि त्यांचा चेहरा आठ दिवसांनी पहिल्यांदा मोकळा झाला. त्यांनी तीन चहा मागवले, त्यातला एक लहानूला दिला.

"नियम समजून घ्या," दुसाने आक्काला म्हणाले. "एका पासवर एक दिवस. वाहतूक सूर्योदय ते सूर्यास्त. माल पोहोचला की तुम्ही अंगठा द्यायचा. अंगठा झाल्याशिवाय वाहन पुढं सोडायचं नाही."

"रोज?"

"रोज."

"आन् मी गावाला गेले तर?"

दुसान्यांनी नियमाचं पुस्तक उघडलं, बराच वेळ चाळलं, आणि मिटलं. "घेणाऱ्याला रजा नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज असा होता, की त्यांनाही कधी मिळाली नव्हती.

"मरेन की एखाद्या दिशी."

"घेणारा मयत झाल्यास वारसानं सही करावी, असं आहे."

"ह्योच," आक्कानं भावाकडं बोट दाखवलं. "मंग लहान्या, तू माझ्याआधी मरू नगंस. तेवढं तरी बघ."

भूमापकाची बदली झाली होती, तेव्हा उतार लहानूनंच खांद्यावर घेतला आणि घड्या उलगडलेली नदी मागून चालवत पात्रात नेली. फार हलका होता. दोरा बांधलेलं टोक वर धरून त्यानं तो हद्दीच्या दगडापाशी बसवला. नदी क्षणभर तशीच उभी राहिली, बऱ्याच दिवसांनी उठलेल्या आजाऱ्यासारखी, आणि मग निघाली. मागं अडून राहिलेलं वरचं पाणीही निघालं. लहानू काठानं तिच्याबरोबर चालत निघाला. ती त्याच्या चालीनं आली, पुढं गेली नाही.

वाडीपाशी पोहोचायला दुपार झाली. निम्मे वेल करपले होते. नदी वाडीच्या अलीकडं हातभर अंतरावर येऊन थांबली. आक्कानं शाईच्या डबीत अंगठा बुडवला, पासवर उठवला, आणि फुंकर घालून वाळवला.

"घेतली," ती म्हणाली. "जा आता."

नदी वाडीला वळसा घालून पुढच्या शिवेपर्यंत गेली, आणि तिथं पुन्हा थांबली. मग शेवाळे साहेब स्वतः गावोगाव फिरले आणि प्रत्येक ठिकाणी एक घेणारा नेमला. एका गावात गुरव, एका गावात रिटायर झालेले मास्तर, एका गावात कुणी मिळेना तेव्हा दोन जावांनी पाळीपाळीनं. लोक कुरकुरले आणि अंगठे देऊ लागले. दिवस मावळला की नदी असेल तिथं उभी राहायची, उजाडलं की निघायची. काठावरच्या लोकांची घड्याळं त्यावर लागली.

उरलेल्या वेलांना सतरा टरबुजं आली. एक बियाला राखलं. एक आक्कानं कचेरीत पाठवलं. ते घेताना दुसान्यांनी सालीवरची वाळू ओल्या फडक्यानं आधी पुसून घेतली.

लहानू दुसऱ्या वर्षी कोतवालीतून सुटला. पण सुपूर्तनामा त्याच्याच नावावर राहिला, कारण तो संपवायचा कागद कुणाला सापडला नाही. तेव्हा तो रोज पहाटे पास घेऊन निघायचा आणि उजाडता उजाडता वाडीवर पोहोचायचा. आक्काच्या लेकीला मुलगी झाली, बारशाला आक्काला जाता आलं नाही. लेक रुसली. शेवटी लेकच बाळ घेऊन आली, आणि बारसं नदीच्या काठावर झालं. पाळण्याची दोरी एका हातात आणि दुसऱ्या हाताचा अंगठा निळा, अशी आक्का गाणी म्हणत होती. असं करता करता सहा वर्षं गेली. अंगठ्याची शाई कातडीत मुरली, ती धुऊन जाईना. रेषाही पुसट झाल्या, पण पासवर कुणी हरकत घेतली नाही.

चैत्रातल्या एका सकाळी लहानू जरा उशिरा आला तर आक्का वाडीच्या कडेला नव्हती. नदी येऊन थांबली होती. दिवस कासराभर वर आला होता.

वारस म्हणून आपलं नाव आहे, हे लहानूला एकदम आठवलं. तो झोपडीच्या दाराशी गेला आणि वाकून बघितलं. आक्का घोंगडीवर एका अंगावर झोपली होती, हात उशाला घेऊन. चांगली घोरत होती. त्याच्या आठवणीत, आई असल्यापासून, आक्का त्याच्यानंतर कधी उठली नव्हती.

हाक त्याच्या ओठांवर आली होती. ती त्यानं गिळली.

तो बाहेर आला. नदीजवळ बसला. खालच्या गावचे मास्तर काठाकाठानं तरातरा वर आले. "काय झालं? अजून सोडली नाही? आमचे लोक खोळंबलेत!"

"आक्का निजलीय," लहानू म्हणाला.

मास्तरांनी तोंड उघडलं, झोपडीकडं बघितलं, आणि मिटलं. तेही दमले होते. चप्पल काढून ते लहानूच्या शेजारी बसले.

ऊन वाढलं. दुपार व्हायला आली तेव्हा आतून आवाज आला, झोपेतलाच.

"लहान्या, आली का रं ती?"

"आली."

"कवाची?"

"झाला थोडा येळ."

आत कूस बदलल्याचा आवाज आला. "बस म्हनावं तिला जरा," ती म्हणाली.

लहानूनं नदीकडं बघून सांगितलं. नदी खाली बसली.